आधी ब्रेक, मग रंग

चि. मुक्ता,

तू पाठवलेले गाडीचे फोटो मिळाले. मामीनं ते मोठे करकरून पाहिले आणि डॅशबोर्डवर चिकटवलेला अण्णांचा छोटा गणपती अजून जागेवर आहे म्हणून तिला कोण आनंद झाला. मलाही झाला. अण्णांची फियाट घरातल्या कुणीतरी हाती घेतली, आणि तेही त्यांच्या नातीनं, आमच्या भाचीनं, याचा मला फार अभिमान आहे. एवढी वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. भंगारवाले दारावर यायचे आणि मी त्यांना परतवून लावायचो. आता ती रत्नागिरीला तुझ्या अंगणात आहे, योग्य जागी आहे.

पण बाळ, फोनवर तू म्हणालीस की पेंटर ठरलाय, दिवाळीच्या आत रंग होईल आणि मग गाडी घेऊनच आंबा घाटातून कोल्हापूरला येते. ते ऐकल्यापासून मनाला घोर लागलाय. फोनवर बोललेलं विसरायला होतं, म्हणून हे लिहून पाठवतोय. कागद जपून ठेव, गाडीच्या कप्प्यातच ठेव.

रंगाचं आत्ता डोक्यातून काढ. आधी ब्रेक. तुझ्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि ते सगळे एकाच मास्टर सिलिंडरवर चालतात. आजच्या गाड्यांत दोन वेगळी सर्किटं असतात, एक गेलं तरी दुसरं थोडंफार धरतं. हिच्यात तसं नाही. एका चाकाच्या सिलिंडरमधलं रबर फाटलं की पाय सरळ तळाला जातो आणि चारही चाकं मोकळी. मग हातात उरतो फक्त हँडब्रेक. इतकी वर्षं उभ्या असलेल्या गाडीची ती रबरं आतून कडक झालेली असणार, सिलिंडरच्या पोटाला गंज धरलेला असणार. अंगणात पुढे-मागे करताना ब्रेक लागतोय म्हणून फसू नकोस. अंगणात लागणारा ब्रेक घाटात लागेलच असं नाही.

तेव्हा मास्टर सिलिंडर आणि चारही व्हील सिलिंडर उघडून घे. आतली भिंत बोटानं तपास. खरबरीत लागली तर नुसतं किट बदलून भागत नाही, सिलिंडरच नवा घाल. चाकापाशी येणारे रबरी पाइप वाकवून बघ, भेगा दिसल्या की फेकून दे. जुनं ब्रेक ऑइल सगळं काढून टाक. ते हवेतला दमटपणा ओढून घेतं, आणि तुमच्या कोकणात दमटपणाला काय तोटा! पाणी धरलेलं ब्रेक ऑइल उतारावर तापलं की त्यात वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. नवं भरताना डबा सीलबंदच घे. हाताशी आहे म्हणून त्यात दुसरं कुठलंही ऑइल ओतू देऊ नकोस, रबरं फुगून बसतात.

ब्रेकमधली हवा काढायचं काम तुला जमेल, शेजारच्या पोराला पेडलवर बसव. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं. निपलला पारदर्शक नळी लाव, तिचं दुसरं टोक थोडं ब्रेक ऑइल घातलेल्या बाटलीत बुडव. पोरानं पेडल दाबून धरलं की तू निपल जरासा सैल कर. आधी काळपट ऑइल येईल, मग फसफसून बुडबुडे येतील. पेडल तळाला गेलं की निपल आवळ आणि मगच त्याला पाय उचलायला सांग. नळीतून बुडबुड्याशिवाय स्वच्छ धार येईपर्यंत हे करत राहा आणि वरची टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नकोस, नाहीतर पहिल्यापासून करावं लागेल. या कामात थेंब सांडतातच, आणि ब्रेक ऑइल रंगावर पडलं की रंग उकलून येतो. नुसत्या पैशाचा हिशेब केलास तरी ब्रेक आधीच येतात की नाही बघ.

ड्रम उघडशील तेव्हा आत काळी पूड असेल. ती तोंडानं फुंकू नकोस, हवेच्या पाइपनंही उडवू नकोस. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते छातीत जाऊन बसतं. ओल्या फडक्यानं पूस, फडकं पिशवीत बांधून टाकून दे, तोंडाला चांगला मास्क बांध. आमच्या वेळी हे कुणी पाळलं नाही. म्हणून तर तुला सांगतो.

आता दुसरं, आणि हे पहिल्याहून मोठं. तुझ्या तिसऱ्या फोटोत मागचा भाग चिऱ्यांवर टेकवलेला दिसला. मुक्ता, हे पत्र वाचून झाल्याबरोबर बाहेर जा आणि ते चिरे काढ. जांभ्याचा चिरा भिंतीत शंभर वर्षं टिकतो, पण त्याच्यावर एका ठिकाणी लोखंडाची धार टेकली की तो आतून भुगा होत जातो आणि काही न सांगता बसतो. विटांचंही तेच. लोखंडी स्टँडची जोडी विकत घे, पैसे मी देतो. गाडी जॅकनं फक्त उचलायची, उभी ठेवायची ती स्टँडवर. जॅकच्या आणि स्टँडच्या खाली जाड फळी टाक, पावसानंतर तुमची लाल माती मऊ असते. जमिनीवर राहिलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लाव. मग गाडी हातानं चांगली गदागदा हलव. हललीच नाही तरच खाली जा. काढलेलं चाकसुद्धा दाराखालच्या उंबऱ्याच्या पत्र्याखाली आडवं सरकवून ठेव. आणि घरात कुणी नसताना खाली जायचंच नाही, काम कितीही चिमूटभर असलं तरी. आमच्या उद्यमनगरात एका पोराचा हात जॅक सरकून कायमचा गेला. चांगला हुशार फिटर होता तो. गाडीचे पार्ट कुर्ल्याला जुन्या बाजारात मिळतील, नाही मिळाले तर लेथवर करून घेऊ. पण तुझा हात तसा नवा मिळायचा नाही ना गं.

मामी म्हणते, पोरीला घाबरवू नका. मी घाबरवत नाही. तुझ्या हातात कसब आहे हे मला तू शाळेत असल्यापासून माहीत आहे. सुट्टीत आलीस की तू माझ्या शेडमध्ये पाने-नट आकाराप्रमाणे लावून ठेवायचीस. ती सवय आता कामाला आण. काढलेला प्रत्येक बोल्ट डबीत, डबीवर चिठ्ठी, आणि उघडण्याआधी फोटो. सगळी गाडी एकदम मोकळी करू नकोस. एक काम उघड, ते पुरं करून मिटव, मग दुसरं. अर्धवट उघडलेल्या किती गाड्या पाहिल्या मी, डबे इकडं, दारं तिकडं, शेवटी वजनावर गेल्या.

पत्र्याकडे मात्र डोळे उघडे ठेवून बघ. ट्रकला जशी वेगळी चासी असते तशी हिला नाही. खालचा पत्रा, दारांखालचे उंबरे आणि खांब हाच हिचा सांगाडा. तो सडला तर वरून कितीही चकाकली तरी गाडीत दम राहत नाही. पुढचं मॅटिंग पूर्ण काढ आणि स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघ, विशेषतः पाय ठेवतो तिथं आणि बॅटरीच्या खाली. लोहचुंबकाला फडकं गुंडाळून उंबऱ्यावरून फिरव. जिथं तो धरत नाही तिथं आत पत्रा नाही, नुसती लांबी भरलेली आहे. तुझा पेंटर म्हणेल, लांबी भरून गुळगुळीत करून देतो. ऐकू नकोस. कुजका पत्रा कापून नवा वेल्ड करायचा, आतून रेड ऑक्साइड मारायचा, मग पुढचं. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती तारेनं मोकळी कर. समुद्राच्या वाऱ्यात ती तुंबलेली राहिली तर दोन पावसाळ्यांत दार खालून जाईल. आणि वेल्डिंगवाला आला की बॅटरी आणि पेट्रोलची टाकी आधी बाहेर काढून लांब ठेवायची. टाकी रिकामी आहे म्हणून चालेल असं कुणी म्हणालं तर त्याला काम देऊ नकोस. रिकाम्या टाकीतली वाफच पेट घेते.

पेट्रोलवरून आठवलं. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुनी रबरी नळी त्यानं मऊ पडते, आणि टाकीतली वर्षानुवर्षांची घाण सुटून कार्बोरेटरमध्ये येते. नळ्या सगळ्या नव्या घाल, इथेनॉलला चालणाऱ्या माग. मध्ये फिल्टर बसव. गाडी महिना महिना उभी राहणार असेल तर त्यात पेट्रोल भरून ठेवू नकोस, ते पाणी धरतं. पेट्रोलचा वास आला तर आधी स्विच बंद, मग शोध. आणि थंडी-पावसात पत्र्याच्या शेडचं दार लावून इंजिन चालू ठेवायचं नाही. तो धूर कळत नाही आणि माणूस झोपून जातो.

अण्णांची एक गोष्ट तुला माहीत नसेल. आंबा घाट चढताना गाडी तापून बंद पडायची, एसी पंपात, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपात, पेट्रोलची वाफ व्हायची. अण्णा शांतपणे उतरायचे, डिकीतून पाण्याचा कॅन काढायचे, ओलं फडकं पंपावर ठेवायचे आणि आम्हाला दशम्या खायला लावायचे. दशम्या संपेपर्यंत गाडी सुरू. रेडिएटरच्या टोपीला मात्र गरम असताना त्यांनी कधी हात लावला नाही आणि आम्हालाही लावू दिला नाही. इंजिन १०८९ सीसीचं, साधं आणि प्रामाणिक आहे, पण वरचं हेड ॲल्युमिनियमचं. काटा लालात गेल्यावरही दामटलं तर हेड वाकतं, गॅस्केट जातं. त्यामुळे रेडिएटर, होज पाइप आणि फॅनचा पट्टा यांत हात आखडू नकोस. उतरताना दुसऱ्या गिअरवर उतरायचे ते, ब्रेकवर पाय ठेवून कधी नाही. ड्रम तापले की धरत नाहीत.

त्या गाडीसाठी अण्णांनी वर्षानुवर्षं नंबर लावून वाट पाहिली होती. वालचंद हिराचंद आमच्या सोलापूरचे, त्यांच्या कंपनीची कुर्ल्याची गाडी, असं ते येईल त्याला सांगायचे. १९७९ ची आहे, २०२९ ला पन्नास पुरी होतील. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ पासून वेगळी व्हिंटेज नोंदणी मिळते, पण त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी, आणि मग ती रोज चालवता येत नाही. तेव्हा ते पुढचं पुढं. आत्ता आरसी अण्णांच्याच नावावर आहे, ती आधी तुझ्या नावावर व्हायला हवी. फॉर्म ३१ लागतो, वारसांच्या सह्या लागतील, त्या मी आणि तुझी आई देऊ. पेंटरला बजाव की चासी नंबर कोरलाय तिथं ना ग्राइंडर लावायचा, ना लांबी. तो नंबर वाचता आला नाही तर आरटीओत फार हाल होतात.

रंगाचं तुझं मत वेगळं आहे, मला माहीत आहे. गडद लाल तुला आवडतो. माझं ऐकशील तर मूळ आकाशीच ठेव. डिकीच्या आतल्या कोपऱ्यात ऊन न लागलेला जुना रंग सापडेल, तो पेंटरला दाखव. पण यावर मी हट्ट धरणार नाही. गाडी तुझी आहे.

इकडं सगळं ठीक. मामीचा गुडघा दुखतो, पण ऐकत नाही, जिने चढतेच. शेजारच्या काकूंच्या नातवानं तुझी गाडी बघायला रत्नागिरीला येतो म्हणून घोषणा केली आहे. बाजारात नवा गूळ आला की तुझ्यासाठी ढेप काढून ठेवतो.

तर मुक्ता, या दिवाळीला एसटीनं ये. येताना मागचे दोन्ही ड्रम पिशवीत घालून आण, डावा-उजवा खडूनं लिहून. माप बघून, जाडी पुरत असली तर उद्यमनगरात लेथवर फिरवून देतो, नसली तर नवे शोधू. तोवर गाडी स्टँडवर राहू दे. आणि चिरे काढलेस की मला लगेच फोन कर, रात्री कितीही उशीर झाला तरी.

तुझा,
मामा