दोन मापांचा भार

अमेरिका मेट्रिक का होत नाही, असं आपण भारतीय मंडळी जरा ऐटीत विचारतो. आपल्याकडे १९५६ साली कायदा झाला, १९५७ मध्ये नवे पैसे आले, मग शेर-पायली जाऊन किलो-लिटर आले. अमेरिकेतही १९७५ मध्ये कायदा झाला, पण ऐच्छिक. ज्याने त्याने सवडीने बदलायचं, म्हणजे आधी कोणी बदलायचं, इथेच गाडी अडली. १९९९ मध्ये पाउंड-न्यूटनच्या घोळात नासाचं मंगळयान गेलं, तरी अ‍ॅशबर्नच्या रस्त्यांवर मैलच आहेत.

मग सक्तीच बरी का? मला वाटतं, प्रश्न गणिताचा नाही, न्यायाचा आहे. बदलाचा त्रास आजची पिढी सोसते, फायदा पुढचीला होतो. त्यातही नव्या मापात फसण्याची भीती सर्वांत जास्त अडाणी गिऱ्हाइकाला. म्हणूनच भारतात काही काळ जुनी-नवी मापं शेजारी नांदू दिली. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही जुनी सिस्टिम एकदम बंद करत नाहीत. माणसाची सवय तर त्याहून चिवट! सातबारावर हेक्टर-आर आले, तोंडी गुंठाच राहिला. ११.६६ ग्रॅमचा तोळा सराफाकडे १० ग्रॅमचा झाला, पण नाव टिकलं.

नातवाचं पाउंडातलं वजन पुण्याच्या आजीला उमगत नाही. ते किलोत कोणी सांगायचं? ज्याला दोन्ही मापं येतात, त्याने. देशालाही हाच न्याय लागू आहे: बदलाचा भार ज्याला पेलतो, त्यानेच आधी उचलावा.