शस्त्रावाचून शौर्य

हाती शस्त्र असून ते न उचलणे यास शौर्य म्हणावे की दुर्बलता? १९६१ साली निवृत्त झालेले लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात यांच्या सैनिकी जीवनात याचे उत्तर सापडते. हे कोल्हापूरकडील. १९४५ साली ब्रह्मदेशात कांगॉच्या घनघोर लढाईत त्यांनी आपली पलटण लढविली व डीएसओ हा सन्मान मिळविला.

पुढे १९५३ साली कोरियात, मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांची राखण भारतीय दलाकडे आली. दलाचे प्रमुख थोरात. देखरेख करणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष, आमच्या बंगळुरात शिकलेले जनरल थिमय्या. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्यास पकडून नेले, तेव्हा थोरातांनी गोळीबार करविला नाही. ते स्वतः कुंपणाच्या आत गेले, कैद्यांशी बोलले आणि त्याला सोडवून आणले.

दुसऱ्यास संयम शिकविणे सोपे. परंतु त्या संयमाचा धोका जो स्वतःच्या शिरावर घेतो, त्याचाच संयम शौर्य ठरतो. घरी वा कचेरीत अधिकार गाजविताना धोक्याच्या जागी आपण कोणास पुढे धाडतो, याचा प्रत्येकाने विचार करावा.

— चामराजपेट, बंगळूर