औषधाचा कस मोखाड्याच्या चढावर

मेंदूत रक्त वाहतंय, तर रक्त गोठवणारं औषध द्या. विचार इतका सरळ, की तो तपासून तरी काय पाहायचा! 2005 साली त्याला आधारही मिळाला. रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी सातवा घटक प्रयोगशाळेत बनवून 399 रुग्णांवर आजमावला गेला आणि औषध मिळालेल्यांत मृत्यू कमी दिसले. मग 841 रुग्णांची मोठी चाचणी झाली, तिचा निकाल 2008 मध्ये लागला. स्कॅनमध्ये रक्ताची गाठ खरोखरच कमी वाढलेली होती. पण तीन महिन्यांनी किती दगावले, किती अंथरुणाला खिळले याचा हिशेब केला तेव्हा औषध मिळालेले आणि न मिळालेले सारखेच निघाले. सुधारला होता तो फोटो.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचंही थोडंफार असंच झालं. इंजेक्शन स्वस्त, बाळंतपणातल्या रक्तस्रावावर सिद्ध झालेलं. आपोआप झालेल्या मेंदूतल्या रक्तस्रावात ते आठ तासांच्या आत देऊन 2325 रुग्णांवर पाहिलं. निकाल 2018 चा. पहिल्या आठवड्यात मृत्यू थोडे कमी, नव्वदाव्या दिवशी दोन्ही पारडी बरोबर. डोक्याला मार लागलेल्यांची 12,737 जणांची चाचणी पुढच्या वर्षी आली. तिच्यात सौम्य आणि मध्यम दुखापतीच्या रुग्णांना तीन तासांच्या आत दिलं तेव्हा फायदा दिसला, आणि जितकं लवकर तितका जास्त.

तीन तास, आठ तास. हे आकडे वाचताना मला जव्हार-मोखाडा या डोंगरी तालुक्यांचा नकाशा दिसतो. पावसाळ्यात पाड्यावरच्या बाईचं अर्धं अंग लुळं पडलं, तोंड वाकडं झालं, की 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात आणि आधी भगताला बोलावणं जातं. यात अडाणीपणा शोधणाऱ्यांनी एकदा तो उतार पाहावा: बांबूला चादर बांधून केलेली डोली, पुढे दोघं, मागे दोघं, मधे ओढा आलाच तर पाणी ओसरेपर्यंत काठावर थांबायचं. डांबरी सडक लागली की 108 ला फोन. मग मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय किंवा जव्हारचं पतंगशाह कुटीर रुग्णालय, आणि गंभीर असेल तर त्र्यंबकेश्वरवरून नाशिक. इथले निम्मे तास रस्त्याच्याही अलीकडे संपतात.

मग निदान रक्तदाब उतरवणारं औषध गाडीतच सुरू करावं, असं सुचणं साहजिक आहे. चीनमध्ये ते करून पाहिलं. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत 2404 रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांचा रक्तदाब रुग्णवाहिकेतच उतरवला. ज्यांच्या मेंदूत रक्तस्राव होता त्यांचं भलं झालं. ज्यांची रक्तवाहिनी गुठळीने तुंबली होती त्यांचं नुकसान झालं. बाहेरून दोघांचं तोंड सारखंच वाकडं दिसतं, फरक सांगतो तो सीटी स्कॅन. तो होईपर्यंत घाटातल्या गाडीत हात आवरलेला बरा. असं शहाणपण नातेवाइकांच्या गळी उतरवणं फार अवघड असतं, हेही खरं.

यापेक्षाही मला खटकते ती मोजपट्टी. यातल्या बहुतेक चाचण्यांत रुग्णाला शून्य ते सहा अशी श्रेणी देतात. शून्य म्हणजे काही तक्रार नाही, सहा म्हणजे मृत्यू. दोन म्हणजे स्वतःचं स्वतः पाहतो, पण पूर्वीची सगळी कामं जमत नाहीत. बऱ्याच चाचण्या हा निकाल 'चांगला' धरतात. पेन्शन असलेल्या माणसाला तो चांगला आहेच. पण वरकस जमिनीवर नाचणी-वरई घेणाऱ्याला, विहिरीवरून दोन हंडे डोक्यावर घेऊन चढणाऱ्या बाईला, चिखलात ओणवं राहून आवणी करणाऱ्या हातांना? डाव्या मुठीत रोप धरता आलं नाही तर घरातला एक मजूर कमी झाला. श्रेणी मात्र दोनच राहते.

म्हणून मला रक्तस्राव थांबवणाऱ्या औषधापेक्षा तो होऊच न देणारी गोळी अधिक भरवशाची वाटते. तिचाही कस लागलेला आहे. आधी पक्षाघात होऊन गेलेल्या 6105 जणांवर रक्तदाबाची औषधं आजमावलेल्या आणि 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मेंदूतला रक्तस्राव जवळपास निम्म्यावर आला. आणि पक्षाघात हा केवळ शहरी आजार मुळीच नाही. गडचिरोलीच्या खेड्यांत 'सर्च' संस्थेने मृत्यूंची कारणं तपासली तेव्हा दर सातातला एक मृत्यू पक्षाघाताचा निघाला, आणि त्यातले बहुतेक घरीच झालेले.

ॲम्लोडिपिनसारखी साधी गोळी, रोज एक. पण दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्यातली कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर निघतात. गोळीची नोंद राहते गावच्या आरोग्यकेंद्रात आणि माणूस असतो भट्टीवर. उद्या कोणी या तालुक्यांत औषधाची चाचणी मांडलीच, तर तास डोली उचलली तेव्हापासून मोजावे लागतील, 'चांगलं' म्हणजे काय ते आवणीच्या कामावरून ठरवावं लागेल, आणि नव्वदाव्या दिवशीची तपासणी करायला भिवंडीपर्यंत जाण्याचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा लागेल.