माणसाची बोली

मोंढ्यातील लिलाव आमच्या छत्रपती संभाजीनगरात कोणास नवा नाही. दाणे तळहातावर घेऊन पाहावेत, बोली वाढवावी, आणि शेवटची बोली ज्याची त्याने माल उचलावा. त्यात कोणास काही गैर वाटत नाही. परंतु कबड्डीपटूंचा लिलाव दूरचित्रवाणीवर चालला असता आमच्या घरातील एका वृद्ध गृहस्थांनी, “अहो, माणसांचीही बोली लागते काय?” असा प्रश्न केला, तेव्हा आम्हांस चटकन उत्तर सुचले नाही.

हुतूतू हा आपल्या मातीतील खेळ. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ साली ऑलिंपिकच्या वेळी बर्लिन येथे तो खेळून दाखविला, तेव्हा त्यात कोणास द्रव्यलाभाची आशा नव्हती. २०१४ च्या जुलैत आठ संघांची प्रो कबड्डी लीग सुरू झाली. २०१७ मध्ये संघ बारा झाले. पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजारांची होती. २०२३ मध्ये तेलुगू टायटन्सने पवन सेहरावत यांच्यासाठी २ कोटी ६० लाख ५० हजार रुपये मोजले. तोच संघ त्या हंगामात तळाशी राहिला व अजिंक्यपद पुणेरी पलटणने मिळविले, ही गोष्ट पैशाचा गर्व बाळगणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या व्यवस्थेची एक बाजू न्यायाची आहे. खेळाडूंवर किती खर्च करावा यास प्रत्येक संघास सारखीच मर्यादा असते; त्यामुळे धनिकाने सारे वीर आपल्याच दारी बांधावेत, हे घडत नाही. अमेरिकेतील फुटबॉलची लीग १९२० मध्ये कँटन या गावी स्थापन झाली. तिने तर १९३६ पासून असा नियम केला की, नव्या खेळाडूंची निवड करताना सर्वांत दुबळ्या संघाने पहिली निवड करावी. १९६१ च्या कायद्यानंतर दूरचित्रवाणीचे उत्पन्न संघांत सारखे वाटले जाऊ लागले, व १९९४ पासून वेतनखर्चासही मर्यादा आली. स्पर्धेस दैवत मानणाऱ्या देशाने खेळात मागे पडलेल्यास आधी हात द्यावा, हे नवल खरेच.

परंतु ही समता कोणाकोणात? मालकामालकांत. १९३६ च्या त्या पहिल्या निवडीत ज्याचे नाव सर्वप्रथम पुकारले गेले, त्या जे बर्वँगर यास कोणीही त्याची इच्छा विचारली नव्हती. फिलाडेल्फियाच्या संघाने त्याला निवडले व त्याच्यावरील आपला हक्क शिकागोच्या संघास देऊन टाकला. वेतनाचे जमले नाही, तेव्हा बर्वँगर व्यावसायिक फुटबॉल खेळलाच नाही. त्याने दुसरा उद्योग पत्करला. त्याच्यामागून आलेल्या खेळाडूंस, करार संपल्यावर मनाजोगता संघ निवडण्याचा खराखुरा अधिकार मिळण्यास १९९३ साल उजाडावे लागले; आणि तोही न्यायालयात झगडून.

यावर कोणी म्हणेल, आपले खेळाडू लिलावात स्वेच्छेने नाव नोंदवितात. हे बरोबर आहे. आमच्या शेजारचा एक मुलगा पहाटे गारखेड्याच्या क्रीडासंकुलात सरावास जातो. त्याच्या वडिलांस आम्ही हाच प्रश्न विचारला. ते म्हणाले, “साहेब, बोली लागली तर घरावरचे कर्ज फिटेल. मान-अपमान मागाहून पाहू.” या उत्तरापुढे आमचा तत्त्वविचार क्षणभर ओशाळला. कष्टास मोल मिळणे हा अपमान नव्हे. फुकटच्या टाळ्यांवर आयुष्य कंठावे लागणे हाच कदाचित मोठा अपमान होय.

तथापि गरजेपोटी दिलेली संमती ही पूर्ण संमती नव्हे, असे आमचे नम्र मत आहे. किंमत लागण्यात दोष नाही. दोष आहे तो, ज्याची किंमत लागते त्याला नियम ठरविणाऱ्यांच्या बैठकीत जागा नसण्यात. संघासंघांत समता राखण्याचा भार खेळाडूने आपल्या स्वातंत्र्याने उचलावयाचा असेल, तर निदान तो भार किती व किती वर्षे, हे ठरविताना त्याचा शब्द घेतला पाहिजे.

त्या वृद्ध गृहस्थांस आम्ही शेवटी एवढेच सांगितले : बोली लागते खरी, पण मोंढ्यातल्या पोत्यास कोठे जातोस असे विचारावे लागत नाही, माणसास विचारावे लागते.