निदानाचे मोल

वाचकहो, लेखाचा विषय कळताच कोणी म्हणतील की, बुवा आता वेदान्त सोडून मोटारीच्या नादी लागले! तसे नव्हे. जेथे दोन माणसांचे देणे-घेणे आले तेथे धर्म-अधर्माचा विचार आलाच, मग ते देणे दक्षिणेचे असो की गॅरेजच्या बिलाचे. आणि या बाबतीत आमच्याच हातून एक चूक घडली, म्हणून हे लिहिणे प्राप्त झाले.

गेल्या कार्तिकी वारीची गोष्ट. दशमीच्या दिवशी आम्ही पाच जण बार्शीहून पंढरपुरास निघालो. रात्री आमची कीर्तनसेवा होती. वाटेत चहापाण्यास थांबलो आणि परत किल्ली फिरवली, तो इंजिन काही फिरेना. नुसते टक टक वाजे. सर्वांनी खाली उतरून गाडी ढकलली, तेव्हा ती एकदाची चालू झाली. पुढे एका गॅरेजात दाखवली. तेथील गृहस्थांनी तो आवाज ऐकला मात्र, आणि लगेच निकाल दिला, “बॅटरी गेली. नवी टाका, साडेपाच हजार पडतील. अल्टरनेटरपण गेला असणार.” त्यांच्यापाशी आमच्या मापाची बॅटरी त्या वेळी शिल्लक नव्हती, म्हणून आम्ही तेथून निघालो. असती तर, खरे सांगतो, मुकाट्याने पैसे मोजून मोकळे झालो असतो.

पुन्हा ढकला, पुन्हा निघा. कुर्डुवाडीच्या अलीकडे लिंबाच्या झाडाखाली पत्र्याचे एक लहानसे गॅरेज दिसले. मिस्त्री साठीच्या आसपासचे, गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी आधी बॉनेट उघडले नाही, आमच्या चालकाला विचारले, “कधीपास्नं होतंय? गार असताना होतंय का तापल्यावर? दिवे लावून किल्ली मारली का?” दिवे लावून किल्ली मारली, तर टक टक झाली, पण दिवे मंदावले नाहीत. मिस्त्री म्हणाले, “बॅटरी मेली असती तर दिवं बसलं असतं.” मग मीटर लावला. बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे पुरती भरलेली. नंतर मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरी इंजिनच्या धातूला लावून किल्ली मारावयास सांगितले. तेथे अर्ध्या व्होल्टाच्या आतच फरक दिसावयास हवा. काटा चाराच्या वर गेला. म्हणजे बॅटरीत शक्ती होती, पण इंजिनापर्यंत जाण्याच्या वाटेतच ती अडत होती. त्यांनी एक जाड केबल बॅटरीच्या त्या टोकापासून थेट इंजिनाला जोडली. गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. केबल काढली, बंद करून पाहिली, परत टक टक. पुन्हा जोडली, पुन्हा सुरू. मग खाली शिरून इंजिनाला जोडलेली अर्थिंगची पट्टी बाहेर काढली. गंजाने ती निम्मी खाल्ली होती. नवी पट्टी घातली, बसण्याची जागा घासून लख्ख केली, बोल्ट आवळले. इंजिन चालू ठेवून मीटर पाहिला, १४.२ व्होल्ट. “अल्टरनेटर ठणठणीत आहे,” म्हणाले. सगळे मिळून अर्धा तास लागला असेल.

आमची पोथी जुन्या पाठशाळेतली. पण ते पाहताना आम्हांस गुरुजींचा तर्कसंग्रहाचा पाठ आठवला. पर्वतावर धूर दिसला म्हणजे अग्नी आहे असे अनुमान करावे. कारण जेथे धूर तेथे अग्नी ही व्याप्ती ठाम आहे. परंतु जे चिन्ह अग्नी असतानाही दिसते आणि नसतानाही दिसते, त्यावरून अनुमान करणे हा हेत्वाभास होय. त्यास सव्यभिचार म्हणतात. टक टक हा आवाज असाच सव्यभिचारी. बॅटरी उतरली तरी येतो, तार गंजली तरी येतो, स्टार्टर बिघडला तरी येतो. पहिल्या गृहस्थांनी आवाज ऐकून निर्णय केला. मिस्त्रींनी अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही लावले: केबल आहे तर गाडी चालते, केबल नाही तर चालत नाही. वैद्यकात माधवनिदानकारांनी रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. त्यांतला उपशय म्हणजे उपाय करून पाहून रोग ओळखणे. ती केबल म्हणजे उपशयच. अलीकडे गाडीला यंत्र जोडले की बिघाडाचा क्रमांक दिसतो, पण तेथेही न्याय तोच. पी ०३०१ असा क्रमांक आला तर पहिल्या सिलिंडरात ज्वलन नीट होत नाही एवढेच कळते. दोष प्लगचा, कॉइलचा, इंजेक्टरचा की कॉम्प्रेशनचा, हे माणसालाच शोधावे लागते. क्रमांक वाचून जो सरळ भाग बदलतो, त्याच्या हाती यंत्र आले, शास्त्र आले नाही.

असो. आता चुकीकडे येऊ. मिस्त्रींनी पट्टीचे दीडशे आणि कामाचे सहाशे, असे साडेसातशे रुपये सांगितले. त्यावर आमच्यातले एक टाळकरी म्हणाले, “अहो आबा, एक पट्टी तर बदललीत! अर्ध्या तासाचे सहाशे? आणि महाराज कीर्तनाला चाललेत, देवाचं काम आहे. तीनशे घ्या.” मिस्त्री आमच्याकडे पाहत राहिले. आम्ही काहीच बोललो नाही. मग त्यांनी तीनशे रुपये कपाळाला लावले, “माउलींची इच्छा,” म्हणाले आणि वाकून नमस्कार केला. तो नमस्कार आम्ही घेतला.

रात्री निरूपणात नरहरी सोनारांची कथा आली. कथा सर्वांस ठाऊक आहे. सावकाराने आणलेल्या मापावरून विठोबाच्या कमरेचा दागिना घडवला, तो नीट बसेना. शेवटी नरहरी डोळ्यांस पट्टी बांधून राउळात गेले आणि स्वतःच्या हातांनी चाचपून माप घेऊ लागले, तेव्हा कुठे काय ते उमगले. ऐकीव मापाने दागिना बसत नाही, हात लावून पाहावे लागते, असे आम्ही सांगत होतो, आणि सांगता सांगता वाणी अडखळली. हात लावून पाहणाऱ्याचे साडेचारशे रुपये आमच्या झोळीत होते!

द्वादशीचे पारणे सोडून परत निघालो, तेव्हा त्याच लिंबाखाली गाडी थांबवली आणि उरलेले पैसे पुढे केले. मिस्त्री आधी घेईनात. मग म्हणाले, “महाराज, पैशाचं काही नाही. पण बॅटरी बदलली असती तर साडेपाच हजाराला कुणी हूं का चूं केलं नसतं. डबा हातात दिसतो ना. बघायचं काम दिसत नाही. माझा पोरगा म्हणतो, आबा, बघायचे पैसे कुणी देत नाही, तर आपणबी सामानच बदलत जाऊ. त्याला काय सांगू?”

आम्हांस उत्तर सुचले नाही. चाळीस वर्षे लोकांच्या शंकांचे निरसन केले, आणि एका साध्या माणसाच्या प्रश्नापुढे मुके झालो. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा सुचलेले उत्तर आहे.

पूर्वपक्ष असा की, मोल श्रमाचे असते. अर्धा तास श्रम, तर अर्ध्या तासाचे पैसे. हा पक्ष वरवर न्याय्य दिसतो, पण टिकत नाही. जो मिस्त्री अर्ध्या तासात नेमका दोष काढतो, त्यास कमी द्यावे, आणि जो अज्ञानाने दिवसभर गाडी उचकटतो, त्यास जास्त द्यावे, असे त्यातून निघते. म्हणजे अज्ञानास बक्षीस आणि ज्ञानास दंड! तो अर्धा तास दिसतो; त्यामागची तीस-चाळीस वर्षे दिसत नाहीत. कायदा करणारांसही हा भेद ठाऊक होता. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १७० वे कलम पाहा. एखाद्याने आपल्याकडे सोपवलेल्या वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्चून काम केले, तर उलट करार नसल्यास, योग्य मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू त्यास ठेवून घेता येते. तेथे श्रम हा शब्द आहे, आणि कौशल्य हा शब्द वेगळा आहे. उदाहरण दिले आहे ते हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या जवाहिऱ्याचे! आमच्या मिस्त्रींनी गाडी अडवून ठेवली असती तरी कायद्याने त्यांस बोल लावता आला नसता. त्यांनी नमस्कार केला.

धर्मशास्त्रही याविषयी गप्प नाही. मनूने व्यवहाराची जी अठरा पदे सांगितली, त्यांत वेतनादान, म्हणजे ठरलेले वेतन न देणे, हे एक स्वतंत्र पद आहे. तिकडे कौटिल्याने कंटकशोधन अधिकरणाचा आरंभच कारुकरक्षणाने केला, म्हणजे कारागिरांच्या लबाडीपासून लोकांचे रक्षण. एकाने कारागिरास सांभाळले, दुसऱ्याने गिऱ्हाइकास. दोन्ही हवेत, कारण लबाडी दोन्हीकडे होते.

आता कोणी विचारतील, निदानच चुकले तर त्याचा खर्च कोणी सोसावा? आमच्या मते येथे बोलण्यावर सारे अवलंबून आहे. मिस्त्रीने आधीच सांगितले की, “मला अमुक संशय आहे, खात्री नाही, हा भाग घालून पाहू, एवढे लागतील,” आणि आपण होय म्हटले, तर तो संशय दोघांचा झाला, मग उपाय फळला नाही म्हणून त्याची मजुरी बुडवू नये. परंतु संशयालाच त्याने निश्चय म्हणून सांगितले असेल, तर चुकीचा भार त्याने उचलावा. न विचारता भाग बदलला तर तोही त्याचाच. चूक प्रत्येकाची होते, वैद्याचीही होते. चूक हे पाप नव्हे. न पाहता ठाम बोलणे हे पाप.

गिऱ्हाइकानेही आपले कर्तव्य जाणावे. “बॅटरी बदला” असे फर्मान सोडू नये. काय होते, केव्हा होते, ते सांगावे. काम सुरू होण्यापूर्वी, तपासणीचे किती आणि दुरुस्तीचे किती, हे विचारावे. काम झाल्यावर घासाघीस करू नये. काढलेला जुना भाग पाहावयास मागावा. प्रामाणिक मिस्त्रीस त्याचा राग येत नाही. बिल घ्यावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने बिल किंवा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. आणि मुख्य म्हणजे, दोष शोधण्याचे पैसे वेगळे मागितले तर कुरकुर करू नये. मिस्त्रींच्या मुलाचे गणित चुकीचे नाही, हेच दुःख आहे. पाहण्याचे पैसे आपण देत नाही, म्हणून तो ते सामानात मिळवू पाहतो. मग आपणच म्हणतो, मिस्त्री लोक लबाड झाले!

शेवटी आमच्या संप्रदायापुरते एक सांगणे आहे. “देवाचं काम आहे,” हे शब्द आम्ही त्या दिवशी किंमत पाडावयास वापरू दिले. कीर्तनाचा विक्रय करू नये, हा आपल्याकडील दंडक आहे. आम्ही बिदागी ठरवीत नाही. पण गाडीखर्च यजमानांकडून घेतो, आणि ती दुरुस्ती त्या खर्चातच येत होती! म्हणजे आमच्या पदरचे काहीच जात नव्हते. आमचा दंडक आम्ही पाळावा. तो मिस्त्रीवर लादण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? दुसऱ्याच्या खिशातून केलेल्या त्यागास त्याग म्हणत नाहीत. गोरोबांनी मडकी घडवली, सावतोबांनी मळा पिकवला, सेना महाराजांनी हजामत केली. कामातच देव पाहिला म्हणून त्यांचे काम फुकटात मागावे, असे कोणत्याही संतचरित्रात नाही. मिस्त्रीला आपल्या इच्छेने देवापायी काही सोडावयाचे असेल तर तो त्याचा आनंद. आपण मागितले की ती भीक झाली, आणि देवाचे नाव घेऊन मागितले की भीकेहूनही वाईट.

मिस्त्रींनी साडेचारशे रुपये घेतले, तेव्हा मुलगा बाजूस उभा राहून पाहत होता. काही बोलला नाही. पुढे तो पाहण्याचे काम करील की सामान बदलण्याचे, हे आम्हांस सांगता येत नाही. पण त्याच्या गॅरेजात आमच्यानंतर जी गाडी येईल, ती कदाचित वाचकहो, तुमची असेल. तो काय शिकतो, ते आता तुमच्याही हाती आहे. पैसे देताना एवढे ध्यानात असो.

रामकृष्ण हरि.