मुळाजवळ

जुलैच्या पावसात पुण्याजवळच्या भुकूमची भातखाचरं काठोकाठ भरतात. आता चहूबाजूंनी इमारती पुढे सरकल्या आहेत, तरी उरलेल्या खाचरांत आवणी होतेच. वरच्या खाचराचं पाणी बांध फोडून खालच्यात येतं, तिथून ओढ्याला लागतं. खाटपेवाडीच्या बाजूला उगम पावणारी रामनदी हे सगळं घेऊन पाषाणच्या तलावाकडे आणि पुढे मुळा नदीकडे निघते. या पाण्याबरोबर नुसता गाळ जात नाही. शेतकऱ्यानं पैसे मोजून आणलेलं खतही जातं. भरल्या खाचरात फोकलेला युरिया लगेच विरघळतो. काही नत्र अमोनिया होऊन हवेत उडतं, काही वाहून जातं, काही इतकं खोल उतरतं की मुळं तिथवर पोचत नाहीत. भातात टाकलेल्या नत्रातला निम्म्याहून अधिक भाग बहुतेक वेळा पिकाला मिळतच नाही.

डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री भातशेती आपल्याकडच्या अनेक भातकरी शेतकऱ्यांना माहीत आहे. तिचं एक सूत्र मला फार आवडतं. युरिया आणि डीएपी या खतांची २.७ ग्रॅमची गोळी. नेमक्या अंतरावर लावलेल्या भातरोपांच्या चार चुडांच्या मधोमध, ७ ते १० सेंटिमीटर खोल, ती हातानं खोचायची. आवणी झाली की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. खालच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. त्यामुळे नत्र अमोनियमच्या रूपात राहतं, आणि अमोनियमला मातीचे कण धरून ठेवतात. पाणी वरून निघून जातं, गोळी खाली हळूहळू झिजते आणि चारही चुडांची मुळं तिच्याकडे येतात. काम सोपं नाही. एका गुंठ्याला सहाशेच्या वर गोळ्या लागतात. तेवढ्या वेळा चिखलात वाकायचं, तेही पावसात. तरीही एकरभर खत फोकून अर्ध्या तासात मोकळं होण्यापेक्षा हे वाकणं मला शहाणपणाचं वाटतं.

मूळ जवळ नसेल तर काय होतं, हे एका जुन्या प्रयोगातही दिसतं. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला लॉज आणि गिल्बर्ट या शास्त्रज्ञांनी १८७० साली जमिनीचे मोठे ठोकळे आहे तसे जागच्या जागी विटांच्या भिंतींनी बंदिस्त केले. त्यांतून खाली झिरपणारं पाणी धरून तपासायची सोय केली. त्या मातीत पीक नव्हतं, खतही घालत नव्हते. तरी वर्षानुवर्षं खालच्या पाण्यात नत्र उतरतच राहिलं. मातीत ते होतं, पण घ्यायला मूळ नव्हतं. हे वाचल्यापासून मी वाया जाण्याकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागले. किती दिलं याइतकंच ते कुणाजवळ आणि कधी ठेवलं, यालाही महत्त्व आहे.

घरातही आपण रोज कितीतरी देतो. माया असते, काळजी असते, म्हणून तर सकाळच्या घाईत दारातूनच सूचना सुरू होतात. डबा घेतलास का, छत्री घे, अभ्यास कर, औषध विसरू नका. शब्द सगळे चांगले असतात. पण ऐकणारं माणूस त्या वेळी बूट शोधत असतं. त्यापेक्षा एकच गोष्ट घ्यावी. जवळ जावं, शेजारी बसावं, आवाज खाली आणावा आणि तेवढीच सांगून थांबावं. पोराच्या गणिताच्या वहीतलं एकच उदाहरण त्याच्यासोबत पाहावं, सगळा धडा नको. ऑफिसात नवीन आलेल्या मुलीला आज एकच काम नीट दाखवावं. ते तिच्यात दुपारपर्यंत रुजेल, मग पुढचं. आणि आईला रात्री निवांत करू म्हणून ठेवलेला फोन निघण्याआधी आत्ताच करता येईल. फार विषय नकोत. गुडघा कसा आहे, एवढं विचारायचं आणि मग तिला बोलू द्यायचं.