बियाण्याचा वाटा

कार्तिकात भाताची कापणी उरकली की कर्जत-खालापूरकडचा शेतकरी खाचरात उरलेल्या ओलीवर वाल पेरतो. पाऊस सरलेला असतो. जमिनीतला ओलावा आणि पहाटेचे दव एवढ्यावर ते पीक वाढते. फाल्गुनात शेंगा वाळतात. मग घरातली वडीलधारी बाई भरलेले दाणे निवडते, उन्हात वाळवते, राखेत घोळवून मडक्यात भरते आणि तोंड शेणमातीने लिंपून टाकते. पुढच्या कार्तिकापर्यंत ते मडके उघडायचे नसते.

मध्ये आषाढ-श्रावण येतात. राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळी भात घेणाऱ्यांचे एक वेळ निभते. पण डोंगरालगतच्या ठाकूर-कातकरी वाड्यांत या दिवसांत गरिबाच्या कणगीचा तळ दिसू लागतो. घरात भूक आणि मडक्यात अन्न! ते न उघडणे हे कर्तव्य आहे काय? आणि लेकराच्या मुखी घास घालण्यासाठी एखाद्या आईने ते उघडले, तर तो दोष ठरेल काय?

बी राखणे म्हणजे उरलेसुरले बाजूला ठेवणे नव्हे, हे मी परसातल्या काकडीच्या वेलावर शिकलो. पहिली टपोरी काकडी आम्ही खाल्ली आणि शेवटची खुरटलेली बियाण्याला ठेवली. पुढल्या वर्षीचा वेलही तसाच मरगळलेला निघाला. बियाण्याचा वाटा पहिल्या, निरोगी फळाचा. ते वेलावरच पिवळे होऊ द्यावे लागते आणि रोज त्याच्याजवळून रिकाम्या हाताने परतावे लागते.

या त्यागाचे टोक लेनिनग्राडने पाहिले. १९४१ ते १९४४ या काळात त्या शहराला वेढा पडला असता, वाविलोव्ह यांनी उभारलेल्या बीजसंग्रहाचे अनेक सेवक उपासमारीने मेले. पण त्यांनी बियाण्याला हात लावला नाही. भाताचे वाण सांभाळणारे दिमित्री इवानोव्ह तांदळाच्या पुड्यांच्या गराड्यात गेले. त्यांच्यापुढे मस्तक नमते. परंतु तो त्याग त्यांनी स्वतःचा केला होता. भुकेल्या आईकडून तिच्या लेकराचा त्याग मागण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मग बी राखायचे कोणी? माझ्या मते, ज्याच्या घरी आषाढातही चूल पेटते त्याने. कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी वाड्यांत धान्यबँका उभारल्या, त्यामागचे मर्म हेच आहे. पावसाळ्यात धान्य उसने न्यायचे, कापणीनंतर थोडी भर घालून परत करायचे. सावकाराचे दार टळते आणि बियाण्याचे मडकेही वाचते. भुकेल्याला उपदेश करण्यापेक्षा त्याच्या कणगीत पायलीभर धान्य घालणे हेच बीजरक्षण होय.

विकतचे बी घेण्यात दोष नाही. कर्जतच्या केंद्रात १९१९ पासून भातावर संशोधन चालू आहे आणि सुधारित वाणांनी अनेक घरे तारली आहेत. मात्र संकरित वाणाचे बी धरले तर पुढची पिढी मूळ गुणांची उतरत नाही. दरवर्षी दुकानाची पायरी चढावी लागते. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा आणि देवघेवीचा हक्क दिला आहे. पण हक्क बजावायला घरात बी तर हवे! पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या आपल्या परिपत्रकात वांझ बियाण्यांमुळे लहान शेतकरी परावलंबी होतो, याकडे लक्ष वेधले होते.

आगेऱ्याला आपण पहिली कणसे वेदीकडे नेतो. ती उरलेली नसतात, निवडलेली असतात. घरी परतल्यावर तोच न्याय परसातल्या वेलालाही लावायला हवा. यंदा आमच्या वेलावरची पहिली काकडी पिवळी होते आहे. तिच्यातल्या मूठभर बियांपैकी निम्म्या शेजारच्या घरी जायच्या आहेत. आमचा वेल कधी करपला, तर बी मागायला दार असावे म्हणून, आणि त्यांना आमचे दार असावे म्हणूनही.